साखरेच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगायचं का?

पत्र थोडक्यात असं: एका वाचक भगिनींचं वय बावन्न. तेरा वर्षांपूर्वी एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हापासून औषध नियमित. सध्या टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असलेली एक गोळी त्या रात्री घेतात. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) कित्येक वर्षं 'सापडत नाही' असाच येतो. चार महिन्यांपूर्वी मधुमेह आणि उच्च रक्तदाब निघाला. मधुमेहाच्या डॉक्टरांना त्यांनी एचआयव्हीबद्दल सांगितलेलं नाही. चोवीस वर्षांची मुलगी दर वेळी सोबत आत येते आणि तिलाही काही माहीत नाही. वडील छातीच्या आजाराने गेले, एवढंच ती जाणते. (तिची स्वतःची तपासणी तेव्हाच झाली होती, ती निगेटिव्ह आली.) डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलंय, पुढच्या भेटीत डोस दुप्पट करू म्हणाले आहेत. 'एका आजारात आयुष्य गेलं, आता आणखी दोन. हे सगळं त्या गोळीनेच केलं असणार. तीन महिने ती बंद ठेवून शरीराला विश्रांती द्यावी का? आणि या डॉक्टरांना सांगणं खरंच गरजेचं आहे का?' असं त्यांनी विचारलंय.

ताई,

तुमच्या पत्रात जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे, त्याच्याशी मी बराच वेळ थांबले. एचआयव्हीच्या गोळ्या तुम्ही कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत ठेवता. त्यांच्या मूळ बाटलीचं लेबल नखाने खरवडून काढता. आणि गेले दोन महिने, कॅल्शियम सुरू झाल्यापासून, झोपताना दोन्ही बाटल्यांतली एकेक गोळी एकदमच घेता, म्हणजे मुलीने पाहिलं तरी 'हाडांच्या गोळ्या' असं सांगता येतं. तेरा वर्षं हे गुपित एकटीने सांभाळणं म्हणजे काय, हे मी समुपदेशनाच्या खोलीत समोर बसलेल्या अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. म्हणून पुढे जे लिहिते ते दोष देण्यासाठी नाही. पण त्या दोन बाटल्यांत तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, त्याकडे येतेच.

आधी तातडीचं. गोळी बंद करू नका. तीन महिने नाही, तीन दिवसही नाही.

तुमच्या मनात आलेला 'विश्रांती'चा विचार वेडगळ नाही. एकेकाळी डॉक्टरांच्याही मनात तो आला होता आणि त्यांनी तो तपासून पाहिला. 'स्मार्ट' नावाच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. साडेपाच हजारांच्या आसपास लोक त्यात होते. निम्म्यांनी औषध अखंड घेतलं. उरलेल्यांनी सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) चांगल्या असेपर्यंत बंद ठेवलं आणि पेशी घसरल्या की पुन्हा सुरू केलं. औषधाचे दुष्परिणाम टळतील, शरीराला उसंत मिळेल अशी आशा होती. झालं उलटंच. औषध थांबवणाऱ्यांमध्ये गंभीर संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर डोकं वर काढणारे) किंवा मृत्यू यांचं प्रमाण अडीच पटींहून जास्त निघालं आणि हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढे आहे: ज्या हृदयाला, मूत्रपिंडाला, यकृताला विश्रांती मिळेल असं वाटलं होतं, त्यांचेच मोठे आजार औषध थांबवणाऱ्यांना जास्त झाले. कारण विषाणू शरीरातून गेलेला नसतो, काही पेशींमध्ये दडून बसलेला असतो. औषध थांबलं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो रक्तात परत येतो. मग प्रतिकारशक्ती रात्रंदिवस त्याच्याशी झुंजत राहते आणि त्या झुंजीतला दाह रक्तवाहिन्यांना सोसावा लागतो. आधीच साखर आणि रक्तदाब असलेल्या रक्तवाहिन्यांना तर जास्तच.

आणखी एक. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ज्यांना दोन्ही संसर्ग आहेत त्यांनी गोळी अचानक थांबवली तर यकृताचा आजार जोरात उसळू शकतो. तुमची हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, ते जुन्या कागदांत पाहा.

आता तुमचा संशय. 'त्या गोळीनेच केलं.' यात थोडं तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. जुन्या पिढीतल्या काही औषधांनी, स्टॅव्ह्युडिन आणि झिडोव्ह्युडिन यांनी, शरीरातल्या चरबीची आणि साखरेची घडी खरोखर विस्कटवली होती आणि तुम्ही सुरुवातीला झिडोव्ह्युडिन घेत होता. डोल्युटेग्राविरवर अनेकांचं, विशेषतः बायकांचं, वजन वाढतं हेही दिसून आलंय. गोळी बदलल्यापासून तुमचं नऊ किलोंनी वाढलं. पण तुमच्याच पत्रात आणखी तीन गोष्टी आहेत: आईला मधुमेह होता, पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि काम दिवसभर बसून करायचं. या तीन गोष्टी एचआयव्ही नसलेल्या कुठल्याही बावन्न वर्षांच्या बाईच्या पत्रात असत्या, तर मधुमेह का झाला हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. एचआयव्ही असला की माणूस अंगातल्या प्रत्येक दुखण्याचा दोष त्यालाच देतो. डॉक्टरही देतात. त्यात नुकसान हे की ज्या गोष्टी खरंच हातात असतात, म्हणजे वजन, चालणं, झोप, त्यांच्याकडे पाहणं राहून जातं. गोळीवरचा संशय एचआयव्हीच्या डॉक्टरांपुढे मांडा. वजन आणि साखर पाहून औषध बदलता येतं का, हा रास्त प्रश्न आहे. एका औषधाच्या जागी दुसरं घेणं वेगळं आणि औषधच बंद करणं वेगळं.

'एका आजारात आयुष्य गेलं' असंही तुम्ही लिहिलंत. १९९६ च्या सुमारास तीन औषधांची एकत्र उपचारपद्धती आली, त्याआधी या निदानानंतर मधुमेह होण्याएवढं वय बहुतेकांना मिळतच नव्हतं. तुम्ही मुलीला एकटीने वाढवलंत, शिकवलंत, आज ती तुमच्या साखरेचे आकडे वहीत रकाने आखून लिहिते. गेलं ते आयुष्य हे नव्हे.

आता तुमचा मुख्य प्रश्न: मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगायचं का? माझं उत्तर 'हो' आहे. पण ते प्रामाणिकपणा वगैरे कारणांसाठी नाही, औषधांसाठी आहे.

डोल्युटेग्राविर मूत्रपिंडातली एक वाट अडवतं. मेटफॉर्मिन शरीराबाहेर जातं ते त्याच वाटेने. दोन्ही एकत्र घेतली की रक्तातलं मेटफॉर्मिन साठत जातं, पावणेदोन पटीपर्यंत. म्हणून डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांना मेटफॉर्मिन साधारणपणे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी सुरू केलेला डोस दिवसाला १००० चा आहे, म्हणजे आताच काठावर. पुढच्या भेटीत ते दुप्पट करायचं म्हणताहेत. त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्यासमोर जी रुग्ण बसली आहे ती डोल्युटेग्राविर घेतच नाही, असं त्यांना वाटतंय. मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून पोट बिघडतंय, मळमळतंय असं तुम्ही लिहिलंय. मेटफॉर्मिनने सुरुवातीला कुणालाही तसं होतं, पण तुमच्या बाबतीत ते रक्तात साठणं हेही कारण असू शकतं आणि ते ओळखण्याची संधीच डॉक्टरांना मिळालेली नाही.

तीच अडलेली वाट क्रिएटिनिनचीही आहे (मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात मोजतात तो घटक). त्यामुळे डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांच्या रिपोर्टात क्रिएटिनिन थोडं वर दिसतं आणि तिथेच स्थिर राहतं. मूत्रपिंडाला त्यात इजा झालेली नसते. हे ठाऊक नसलेला डॉक्टर तोच आकडा पाहून 'मधुमेहाने मूत्रपिंड गेलं' म्हणेल. दुसरीकडे टेनोफोविरचा जुना प्रकार मूत्रपिंडाला खरोखर त्रास देऊ शकतो, मधुमेह आणि रक्तदाबही देतात. मग आकडा निरुपद्रवी आहे की धोक्याचा, हे ठरवायला लघवीतली प्रथिनं पाहावी लागतात, मागचे आकडे लावून पाहावे लागतात. मागचे आकडे कुठे आहेत? तुमच्या दुसऱ्या फाइलमध्ये, कपड्यांच्या घडीखाली.

तिसरी गोष्ट तुमच्या बाटल्यांची. कॅल्शियम रिकाम्या पोटी डोल्युटेग्राविरसोबत घेतलं तर ते त्याला पोटातच धरून ठेवतं आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. लोह, मॅग्नेशियम, झिंक यांचंही तसंच. यावर उपाय सोपा आहे: कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि ही गोळी भरल्या पोटी, जेवणासोबत एकत्र घेतली तर चालतं. नाहीतर डोल्युटेग्राविर आधी घेऊन कॅल्शियम निदान दोन तासांनी घ्यायचं, किंवा कॅल्शियम आधी घेतलं तर मध्ये सहा तास जाऊ द्यायचे. आम्लपित्तावरची मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची औषधं मात्र जेवणासोबतही एकत्र नकोत, तिथे हे अंतर पाळायलाच हवं. हा बदल आजपासून करा आणि गेले दोन महिने दोन्ही एकदम घेत होते हे एचआयव्हीच्या डॉक्टरांना सांगा. व्हायरल लोड वेळेआधी बघू या असं ते कदाचित म्हणतील. घाबरू नका, पण तपासणी टाळूही नका.

दातांच्या दवाखान्यातला अनुभव तुम्ही लिहिलाय. कार्डावर लाल शाईने तीन अक्षरं लिहिली आणि ते कार्ड काउंटरवर सगळ्यांना दिसेल असं उघडं ठेवलं. त्यानंतर 'डॉक्टरांवर विश्वास ठेवा' असं मी तुम्हाला नुसतं तोंडाने कसं सांगू? तिथे चूक त्यांची होती, पूर्णपणे त्यांची. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. तरीही त्या एका दवाखान्याची शिक्षा तुमच्या मूत्रपिंडाला होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सांगण्याच्या वाटा एकाहून जास्त आहेत. तुमचे एचआयव्हीचे डॉक्टर मधुमेहाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहू शकतात. बऱ्याच जणांना तोंडाने सांगण्यापेक्षा हे सोपं जातं, शिवाय चिठ्ठीत औषधं, सीडी-४, व्हायरल लोड सगळं नेमकं येतं. दुसरी वाट: मधुमेह आणि रक्तदाब एचआयव्हीच्या डॉक्टरांनीच पाहावेत का, हे विचारा. औषधं एका छताखाली आली तर गुपित सांगायची वेळच येत नाही. मात्र साखर फार वरखाली होत असेल तर मधुमेहाचे तज्ज्ञ लागतीलच. तिसरी वाट म्हणजे स्वतः सांगणं, आणि त्यासाठी वाक्यं आधी पाठ करून ठेवा. मी असं सुचवेन: 'मला तेरा वर्षांपासून एचआयव्ही आहे. ही गोळी घेते, व्हायरल लोड सापडत नाही. माझ्या औषधांशी जुळेल असं बघून द्या. घरी कुणाला माहीत नाही, तेव्हा कागदावर काय लिहिता आणि मुलीसमोर काय बोलता ते सांभाळा.' शेवटचं वाक्य गाळू नका. मुलगी प्रत्येक प्रिस्क्रिप्शन वाचते, हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवं.

आणि सांगितल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला, खुर्ची मागे सरकली, तर डॉक्टर बदला. तो तुमचा पराभव नाही.

मुलीसमोर हे कसं बोलणार? बोलू नका. डॉक्टरांना सांगणं आणि मुलीला सांगणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. तुम्ही त्यांची गाठ मारून ठेवली आहे, म्हणून दोन्ही अडलेत. 'आज मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय, तू बाहेर बस' एवढं पुरतं. कारण द्यायची गरज नाही. ते जमत नसेल तर भेटीआधी एक दिवस एकटीने जाऊन या किंवा फोनवर बोला.

मुलीला सांगावं की नाही, हे मी ठरवणार नाही. तिला सांगायचं म्हणजे तिच्या वडिलांचंही सांगायचं आणि ते रात्रीच्या जेवणानंतर सहज उरकण्यासारखं नाही. तिला तुमच्यापासून धोका आहे म्हणून सांगायला हवं, असं मुळीच नाही. एका कपातून पिण्याने, मिठी मारण्याने, एका घरात राहण्याने हा विषाणू पसरत नाही, त्यामुळे तुमचा वेगळा ठेवलेला कप तुम्ही निर्धास्त बाकीच्या कपांत ठेवू शकता. व्हायरल लोड सापडत नसेल तर शरीरसंबंधांतूनही तो जोडीदाराला जात नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. पण एक गोष्ट तिच्या बाजूने बोलते. तिच्या त्या वहीत औषधांचेही रकाने आहेत, आणि त्यात एक गोळी कमी आहे. उद्या तुम्हाला अचानक रुग्णालयात न्यावं लागलं तर तिथले डॉक्टर ती वही खरी मानतील. तिला सांगायचं नसेल तर निदान सगळ्या औषधांची यादी बंद पाकिटात घालून पर्समध्ये ठेवा. सांगायचं ठरवलंत तर एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या समुपदेशकांची मदत मागा. त्यांच्यासमोर बसून अनेक आयांनी हे सांगितलंय.

तुमच्यासारखीच दोन-दोन फायली ठेवणारी इतर वाचकमंडळीही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. ज्यांच्या औषधांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट (एचआयव्हीच्या इतर औषधांचा जोर वाढवणारी औषधं) आहे त्यांनी तर दुसऱ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काहीच घेऊ नये. सिम्वास्टॅटिन, लोवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची औषधं त्यांच्यासोबत चालत नाहीत. दम्याचे काही स्टिरॉइड इन्हेलर, नाकातले स्प्रे, सांध्यात देतात ती स्टिरॉइडची इंजेक्शनं, यांचं औषधही शरीरात धोकादायक पातळीपर्यंत साठू शकतं. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. शक्तिवर्धक चूर्ण, जडीबुटीच्या गोळ्या, व्यायामशाळेतली पूरकं यांनाही औषधच समजा आणि यादीत लिहा. यादी तयार झाली की लिव्हरपूल विद्यापीठाचं एचआयव्ही औषधांच्या आंतरक्रिया दाखवणारं मोफत संकेतस्थळ आहे, त्यात डॉक्टर किंवा औषध विक्रेते दोन नावं टाकून लगेच पाहू शकतात. तंबाखू ओढणाऱ्यांना डेन्मार्कमधला २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगावासा वाटतो: नीट उपचार घेणाऱ्या एचआयव्हीग्रस्तांची आयुष्याची जास्त वर्षं धूम्रपानाने गेली, एचआयव्हीने त्यापेक्षा कमी.

ताई, तुमच्या पुढच्या भेटीत विचारण्यासारखं अजून थोडं आहे. साखरेसाठी नुसत्या एचबीए१सीवर (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) विसंबू नका, काही एचआयव्ही औषधं घेणाऱ्यांमध्ये तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. उपाशीपोटीची साखरही बघा म्हणावं. कोलेस्टेरॉल ठीक असलं तरी स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांबद्दल विचारा. २०२३ साली 'रिप्रीव्ह' या अभ्यासात ४० ते ७५ वयाच्या, हृदयविकाराचा धोका फार नसलेल्या एचआयव्हीबाधित लोकांना रोज पिटाव्हास्टॅटिन दिलं, तेव्हा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. तुम्हाला तर मधुमेहही आहे. हाडांची घनता एकदा मोजून घ्या, कारण पाळी जाणं आणि टेनोफोविर दोन्ही हाडांवर येतं. आणि गर्भाशयमुखाची तपासणी शेवटची कधी झाली? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना त्या कर्करोगाचा धोका सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी पंचविसाव्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी करायला सांगते. व्हायरल लोड सापडत नाही म्हणजे बाकी सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. त्या एका आकड्याला इतकं सांगता येत नाही.

पहाटे तीनला जाग येते आणि मग छताकडे बघत पडता, हेही तुम्ही लिहिलंत. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. ती गोळी सकाळच्या खाण्यासोबत घेतली तर फरक पडतो का, हे डॉक्टरांना विचारून बघा. रात्रीची वेळ सकाळवर कशी आणायची तेही त्यांनाच विचारा. पण झोप तेवढ्यावर सुधारली नाही, मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर तेही साखरेइतकंच स्पष्टपणे सांगा. त्यावर उपचार आहेत आणि एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना ते लागणं अगदी नेहमीचं आहे.

पुढची भेट अठरा दिवसांवर आहे म्हणालात. तेवढ्यात एचआयव्हीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी मिळू शकते. उद्या सकाळी त्यांना फोन करा आणि त्यांना आधी मेटफॉर्मिनचा डोस सांगा, मग कॅल्शियमचं. मेटफॉर्मिन मनानेच थांबवू नका, वाढवूही नका. आणि पुढच्या महिन्याची बाटली आली की लेबल खरवडण्याआधी मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला.